चाक रुतण्यापूर्वी

कर्णपर्वातील रथचक्राचा प्रसंग मराठी वाचकाला लहानपणापासून ठाऊक असतो. परंतु त्यातील एका तपशिलाकडे आपले लक्ष सहसा जात नाही. रणभूमीवर कर्णाच्या रथाचे चाक भूमीने गिळले, तेव्हा तो महावीर रथाखाली उतरला आणि दोन्ही बाहूंनी त्याने ते वर ओढले. आणि महाभारतकार सांगतात की, त्या ओढीने पर्वत-अरण्यांसह सारी पृथ्वी चार अंगुळे वर उचलली गेली, पण चाक मात्र तिच्यातून सुटले नाही. शापाची कथा क्षणभर बाजूला ठेवली, तर रुतलेल्या चाकाविषयीचे एक रोकडे सत्य या तपशिलात सामावलेले दिसते. जी भूमी भार पेलत नाही, तिच्यावर बळाचा प्रयोग जितका मोठा, तितका तो व्यर्थ ठरतो.

आमच्याकडच्या काळ्या जमिनीत आषाढात बैलगाडी रुतली म्हणजे जाणता गाडीवान आधी आसूड उगारत नाही. तो निम्मी पोती उतरवून बांधावर ठेवतो, चाकापुढचा चिखल खोऱ्याने ओढून काढतो, तुराट्या, पऱ्हाट्या, निर्गुडीच्या फांद्या, जे काही हाताशी लागेल ते धावेखाली अंथरतो, आणि मग बैलांना हाक देतो. भार कमी करावा, उरलेला भार अधिक जागेवर पसरावा, आणि चाकाला धरायला काहीतरी खरखरीत द्यावे, अशी ही तीन कलमांची विद्या आहे. पृथ्वीच्या ज्या प्रदेशांत चिखलाच्या जागी हिम पसरलेले असते, तेथे मोटार नेण्यासाठी माणसाने विसाव्या शतकात जे जे केले, त्याचा इतिहास चाळताना मला वारंवार असे वाटत आले आहे की, मोठमोठ्या विद्यालयांतील यंत्रशास्त्रज्ञांना, ध्रुवप्रदेशाच्या संशोधकांना आणि सैन्याच्या रसदखात्यांना अखेर याच तीन कलमांपाशी यावे लागले. आणि जे तेथे उशिरा आले, त्यांना त्या उशिराची फार मोठी किंमत द्यावी लागली.

मराठीत ‘बर्फ’ हा एकच शब्द आपण दोन भिन्न पदार्थांना लावतो, कारण दोहोंचाही आपल्या नित्य व्यवहाराशी संबंध बेताचाच. आकाशातून कापसासारखे उतरते ते हिम, आणि पाणी गोठून दगडासारखे घट्ट होते ते बर्फ. वाहनाच्या दृष्टीने हा भेद जीवनमरणाचा आहे. ताज्या हिमाच्या घनफळात बहुतांशी हवाच कोंडलेली असते. त्याच्यावर भार पडला की ती हवा निसटते, कण एकमेकांवर दाबले जातात, आणि दाबाला पुरेसा विरोध निर्माण होईपर्यंत चाक खाली जातच राहते. अशा वेळी चालकाने घाबरून यंत्राला वेग दिला, तर जागच्या जागी फिरणारे चाक स्वतःचाच खड्डा खणू लागते. याउलट सरोवरावरचे बर्फ भार पेलते, पण चाकाला पकड देत नाही, आणि त्याची जाडी अपुरी असली तर वाहनासह माणसाला पोटात घेते. या दोन शत्रूंच्या जोडीला तिसरी असते ती थंडी. तिच्यामुळे वंगण घट्ट होते, विद्युत्घटाची शक्ती क्षीण होते, शीतकातील पाणी गोठून फुगते आणि ओतीव लोखंड फोडते, डिझेल तेलातील मेण गोठून नळ्या तुंबवते. म्हणून हिमात जाणाऱ्या वाहनाचा सरंजाम म्हणजे या तिघांशी आगाऊ करून ठेवलेला तह होय.

हा तह न करता मैदानात उतरलेल्या पहिल्या गाड्यांपैकी एक १९०८ साली दक्षिण ध्रुवखंडावर पोचली. शॅकल्टनच्या ‘निमरॉड’ मोहिमेसाठी विल्यम बिअर्डमोर या ग्लासगोच्या कारखानदाराने अॅरल-जॉन्स्टन जातीची एक मोटार दिली होती. तिचे यंत्र हवेने थंड होणारे असल्यामुळे गोठण्यासारखे पाणीच तिच्यात नव्हते, आणि ही तजवीज त्या काळाच्या मानाने शहाणपणाची म्हटली पाहिजे. समुद्राच्या कठीण बर्फावर त्या मोटारीने सामानाची ओढाताण इमाने केली. परंतु किनाऱ्यापलीकडचे मऊ हिम लागताच तिची अरुंद चाके रुतू लागली, आणि ध्रुवाच्या वाटेवर शॅकल्टनला मांचुरियन तट्टांवर आणि ती मेल्यावर स्वतःच्या खांद्यांवर विसंबावे लागले. थंडीशी तह झाला होता, हिमाशी झाला नव्हता.

तीनच वर्षांनी कॅप्टन स्कॉटच्या मोहिमेने याच्या नेमका उलटा अनुभव घेतला. स्कॉटने चाके टाकून देऊन त्यांच्या जागी अखंड फिरणारे पट्टे बसवलेल्या तीन यांत्रिक घसरगाड्या आणल्या. पट्ट्यामुळे भार लांबरुंद जागेवर पसरतो, हे तत्त्व निर्दोष होते. परंतु जानेवारी १९११ मध्ये जहाजावरून उतरवतानाच त्यांपैकी एक गाडी पातळ बर्फ फोडून समुद्राच्या तळाशी गेली, आणि उरलेल्या दोन गाड्या ऑक्टोबरात ध्रुवाच्या वाटेला लागल्यावर काही दिवसांतच यंत्रे बिघडून बंद पडल्या. बर्नार्ड डे हा यंत्रज्ञ शॅकल्टनच्या मोटारीसोबतही होता आणि स्कॉटच्या घसरगाड्यांसोबतही. एकाच माणसाच्या डोळ्यांदेखत एकदा चाकाने आणि एकदा यंत्राने हार खाल्ली. गाड्या सोडून दिल्यावर त्या तुकडीतील माणसांनी सामानाचे पट्टे स्वतःच्या छातीला बांधले आणि ती पायी पुढे निघाली.

ज्या काळात ध्रुवावर हे घडत होते, त्याच काळात वस्तीच्या प्रदेशात हिमाशी होणारा व्यवहार अधिक साध्या बुद्धीने चालला होता. अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातील कॅनस्टोटा गावच्या हॅरी वीड याने पाहिले की, चिखलातून व हिमातून जाताना मोटारवाले चाकांना दोर किंवा वेली गुंडाळतात. आमच्या गाडीवानाचेच हे तिसरे कलम. वीडने दोराच्या जागी लोखंडी साखळ्यांची जाळी आणली आणि १९०४ साली तिचे पेटंट घेतले. चाकाभोवती दोन्ही बाजूंनी एकेक लांब साखळी आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या साखळ्या, ही तिची रचना सव्वाशे वर्षे होत आली तरी मुळात बदललेली नाही. काश्मीर-लडाख वाटेवरच्या झोजीलाच्या घाटात आज ट्रकचालक जी साखळी चढवतो, ती याच वंशातली. मात्र तिची मर्यादाही तेवढीच स्पष्ट आहे. साखळी चाकाला नखे देते, पाऊल रुंद करून देत नाही. आणि म्हणून दबलेल्या हिमावर व निसरड्या बर्फावर तारक ठरणारी ही वस्तू खोल, भुसभुशीत हिमात चाकाला खाली खणण्याच्या कामी मदत करू लागते.

पाऊल रुंद करण्याची युक्ती रशियाच्या राजवाड्यात सिद्ध झाली. झार दुसरा निकोलस याच्या मोटारखान्यावर अॅडॉल्फ केग्रेस नावाचा फ्रेंच यंत्रज्ञ तैनात होता, आणि रशियाच्या हिवाळ्यात राजाची मोटार घरी बसू नये, ही त्याची कामगिरी. त्याने मागची चाके काढून तेथे लवचीक पट्टा बसवला आणि पुढच्या चाकांना लाकडी घसरफळ्या जोडल्या. राज्यक्रांतीनंतर केग्रेस मायदेशी परतला आणि सिट्रोएनच्या कारखान्याने त्याची ही विद्या आपलीशी केली. झारसाठी जन्मलेल्या या रचनेचा लाभ पुढे लेनिनच्या रोल्स-रॉइसलाही मिळाला. राज्ये पालथी झाली तरी रशियाचे हिम तेच होते, आणि त्याच्यापुढे दोघांनाही एकाच यंत्रज्ञाच्या दारी जावे लागले.

या केग्रेस-गाड्या आपल्या उपखंडातही येऊन गेल्या. १९३१ साली सिट्रोएनने बैरूतपासून पेकिंगपर्यंत जी प्रख्यात मोहीम काढली, तिची एक शाखा जॉर्ज-मारी हार्ट याच्या नेतृत्वाखाली श्रीनगरहून गिलगिटकडे निघाली. जेथे खेचरांचा तांडाही जपून पावले टाकी, अशा त्या वाटेवरून दोन गाड्या पुढे नेण्याची हिंमत या लोकांनी केली. दरडींनी रस्ता जेथे तुटला होता तेथे त्यांनी गाड्या सुट्या करून त्यांचे भाग हमालांच्या पाठीवर दिले, पलीकडे नेऊन ते पुन्हा जुळवले, आणि अखेर गिलगिट गाठले. त्यापुढे मात्र पामीरच्या वाटेने त्यांना घोड्यांवरूनच जावे लागले.

येथपर्यंतच्या अपयशांत एक प्रकारची नम्रता तरी होती. पुढच्या अपयशात ती नव्हती. शिकागोच्या आर्मर इन्स्टिट्यूटमधील डॉ. टॉमस पोल्टर हा अॅडमिरल बर्डच्या दक्षिण ध्रुवखंडावरील दुसऱ्या मोहिमेत होता. १९३४ च्या ध्रुवीय हिवाळ्यात एका एकाकी ठाण्यावर विषारी वायूने आजारी पडलेल्या बर्डपर्यंत पोचायला त्याच्या तुकडीला तीन वेळा निघावे लागले होते. जिच्यात माणसे महिनोन् महिने राहू शकतील आणि जी कोठेही अडणार नाही, अशी गाडी बांधावी, हे त्याच्या मनाने त्या यातनांतून घेतले आणि १९३९ साली ती सिद्ध झाली. लांबी ५५ फुटांहून अधिक, वजन सुमारे ७५,००० पौंड, दोन डिझेल यंत्रे आणि त्यांवर चालणारे विद्युत्चलित्र, निजण्याच्या खोल्या, प्रयोगशाळा, आणि माथ्यावर एक विमान. चारही चाके दहा दहा फूट उंचीची होती, आणि बर्फातील भेगा ओलांडता याव्यात म्हणून ती पोटात ओढून घेण्याची सोय होती. शिकागोहून बोस्टनच्या बंदराकडे ही गाडी स्वतःच्या चाकांवर चालत गेली, तेव्हा तिला पाहायला वाटेवर लोकांच्या झुंडी लोटल्या.

जानेवारी १९४० मध्ये ती व्हेल्सच्या उपसागरात जहाजावरून उतरली, तेव्हा तिच्यासाठी रचलेला लाकडी उतारच तिच्या वजनाखाली मोडला. हिमावर आल्यावर दिसून आले की, दलदलीत उपयोगी पडावेत म्हणून घडवलेले तिचे टायर पृष्ठभागी अगदी गुळगुळीत आहेत; ते जागच्या जागी फिरत राहिले आणि गाडी तीन तीन फूट रुतू लागली. पथकाने जादा बाळगलेली दोन चाके पुढे जोडून पाऊल रुंद केले, मागच्या चाकांना साखळ्या चढवल्या, आणि तेव्हा कोठे ती हलू लागली. तीही उलटी नेली असता बरी चालते, असे ध्यानात आले. तिने केलेला सर्वांत लांबचा प्रवास ९२ मैलांचा, आणि तो सबंध मागे मागे जात केलेला. पुढे ती एका जागी उभी करून तिच्यात शास्त्रज्ञ राहिले, यंत्रे नीट चालली, निजण्याच्या खोल्या उबदार होत्या; फक्त चालण्याचे काम तिला जमले नाही, आणि शेवटी तिला तेथेच सोडून माणसे परतली. पोल्टरचा हेतू उदात्त होता. ज्याने हिमात अडकलेल्या माणसाची तगमग पाहिली आहे, त्यालाच अशी गाडी सुचू शकते. परंतु जोडीची चाके आणि साखळ्या या दोन गोष्टी ध्रुवावर गेल्यावर सुचाव्यात आणि त्या आधी शिकागोत सुचू नयेत, या एका गोष्टीने त्या उदात्ततेचा घात केला.

या भव्य गाडीला दोन वर्षे होण्याच्या आतच, दीड टन वजन वाहणाऱ्या एका साध्या, स्वस्त मालमोटारीने हिमावरची सर्वांत मोठी कामगिरी करून दाखवली. ८ सप्टेंबर १९४१ रोजी जर्मन सैन्याने लेनिनग्राडचा जमिनीवरचा शेवटचा मार्ग तोडला. उरला तो फक्त लाडोगा सरोवराचा जलमार्ग, आणि हिवाळा जवळ येताच तोही गोठू लागला. २० नोव्हेंबरला शहरातील अवलंबित माणसांच्या व मुलांच्या वाट्याला दिवसाला १२५ ग्रॅम पाव उरला. अशा वेळी सरोवर गोठणे हे संकटही होते आणि एकमेव आशाही, कारण ज्या थंडीने होड्या बंद केल्या, तीच थंडी सुमारे ३० किलोमीटरांचा रस्ता घडवू लागली होती.

तो रस्ता कसा तपासला गेला, हा या इतिहासातील सर्वांत आदरणीय भाग होय. १७ नोव्हेंबरच्या सुमारास याकुबोव्स्की नावाच्या अधिकाऱ्याची एक छोटी तुकडी पायी बर्फावर उतरली. या माणसांनी थोड्या थोड्या अंतरावर भोके पाडून जाडी मोजली आणि वाटेवर खुणा रोवल्या. त्यांच्यामागून घोड्यांच्या घसरगाड्या गेल्या. मोटारींची पाळी आली ती या दोघांच्या नंतर, २२ नोव्हेंबरला, तेव्हा साठ गाड्यांचा पहिला ताफा निघाला आणि दुसऱ्या दिवशी ३३ टन पीठ घेऊन परतला. हिशेब असा होता की, रिकाम्या घोड्याला १० सेंटीमीटर, टनभर ओझ्याची घसरगाडी ओढणाऱ्या घोड्याला १८, आणि टनभर ओझ्याच्या मालमोटारीला २० सेंटीमीटर बर्फ हवे. जाडी पुरती भरलेली नव्हती, म्हणून आरंभी गाडीत दोन-तीनच पोती टाकत आणि मागे घसरगाडी जोडून बाकीचा माल तिच्यावर ठेवत, म्हणजे एकाच जागी भार पडत नसे. तरीही काही गाड्या बुडाल्या.

या मालमोटारी गॉर्की येथील कारखान्याच्या, फोर्डच्या नमुन्यावर बांधलेल्या होत्या. लोक त्यांना त्यांच्या दीड टनाच्या क्षमतेवरून ‘पोलुतोर्का’ म्हणत. त्यांना चारही चाकांची शक्ती नव्हती, रुंद पट्टे नव्हते. त्यांचा सरंजाम होता तो माणसांच्या सावधपणाचा. गाडी बुडू लागलीच तर बाहेर उडी घेता यावी म्हणून चालक दरवाजे उघडे ठेवीत किंवा काढूनच टाकीत, आणि त्यामुळे शून्याखालच्या वाऱ्यात उघड्यावर बसून फेऱ्या करीत. झोप लागू नये म्हणून ते डोक्याजवळ पत्र्याचे भांडे टांगत, म्हणजे ते हिसक्यासरशी खणखणत राही, असे सांगतात. भेगांवर लाकडी साकव टाकले जात. ठराविक अंतरावर कंदील घेतलेले वाटाडे उभे असत, आणि तंबूंतून ऊब व औषधपाणी यांचा बंदोबस्त असे.

यांत शास्त्रही मागे राहिले नाही. काही गाड्या कमी ओझ्याच्या असूनही बुडतात आणि जड गाड्या पार होतात, हे कोडे लेनिनग्राडच्या भौतिकशास्त्र-तंत्र संस्थेतील पावेल कोबेको व त्याच्या सहकाऱ्यांकडे आले. त्यांनी बर्फाचे लवणे मोजणारी उपकरणे सरोवरावर बसवली, आणि त्यांवरून कळले की, गाडीखाली बर्फ लवते आणि ती लव लाटेसारखी पुढे सरकते. गाडीचा वेग ताशी सुमारे ३५ किलोमीटर असला तर तो त्या लाटेच्या स्वाभाविक वेगाशी जुळतो, लव वाढत जाते आणि बर्फ फुटते. तेव्हा वेगाचे व दोन गाड्यांमधील अंतराचे नेमके हुकूम निघाले. उपासमारीने खंगलेल्या, बाँबवर्षावाखालच्या शहरात बसून केलेले हे संशोधन मी जेव्हा जेव्हा वाचतो, तेव्हा तेव्हा शास्त्र या शब्दाविषयीचा माझा आदर दुणावतो. २४ एप्रिल १९४२ पर्यंत हा रस्ता चालला. त्या एका हिवाळ्यात त्याच्यावरून ३,६०,००० टनांहून अधिक माल शहराकडे गेला आणि साडेपाच लाखांच्या आसपास माणसे बाहेर निघाली. रशियन लोक त्याला ‘जीवनाचा रस्ता’ म्हणतात.

युद्धानंतर ध्रुवखंड ओलांडणाऱ्यांनी पट्ट्यांची कास धरली. एडमंड हिलरीने शेतकामाच्या फर्ग्युसन ट्रॅक्टरांना पट्टे चढवून ४ जानेवारी १९५८ रोजी दक्षिण ध्रुव गाठला, आणि स्नो-कॅट गाड्या घेऊन उलट दिशेने आलेल्या व्हिव्हियन फुक्सने २ मार्चला ते सबंध खंड ओलांडले. नांगर ओढणाऱ्या यंत्राने ध्रुव पाहावा, ही गोष्ट शेतकऱ्याच्या देशातील वाचकाला विशेष भावावी अशी आहे. परंतु पट्ट्यांची चाल मंद, इंधनाची भूक मोठी, आणि झीजही मोठी.

हिमालयात ही विद्या युद्धाच्या निकडीने आली. काश्मीरच्या युद्धात, १९४८ च्या सप्टेंबरात, झोजीलावरचे आपल्या सैन्याचे हल्ले फसल्यावर जनरल थिमय्यांनी त्या सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीच्या खिंडीत रणगाडे चढवण्याची मसलत केली. ७ लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे जम्मूकडून, पूल पेलावेत व गुप्तता राहावी म्हणून वरचे तोफेचे घुमट उतरवून, बालतालला आणले गेले. मद्रास सॅपर्सनी शत्रूच्या माऱ्याखाली खेचरवाट रुंद केली. आणि १ नोव्हेंबरला हिम पडत असताना ते रणगाडे खिंडीत शिरले. येथेही आधी भार उतरवला होता आणि आधी वाट रुंद केली होती. पुढे १९६० साली सीमा सडक संघटना स्थापन झाली आणि त्यानंतर श्रीनगर-लेह रस्ता मालमोटारींना खुला झाला. त्याच सुमारास, १९५९ साली, जबलपूरच्या कारखान्यातून जर्मन परवान्यावर बांधलेला, चारही चाकांनी ओढणारा ‘शक्तिमान’ ट्रक बाहेर पडला, आणि त्याने लष्कराची रसद कित्येक दशके उंचावर वाहिली.

त्या घाटांत काम करणाऱ्या चालकांचा एक ठरलेला शिरस्ता आहे. हिम लागण्यापूर्वीच गाडी थांबवून साखळ्या जमिनीवर अंथरायच्या, गाडी त्यांच्यावर घ्यायची, कड्या ओढून बसवायच्या, थोडे अंतर चालून पुन्हा खाली उतरून त्या घट्ट करायच्या. फावडे, दोर आणि चाकाखाली टाकायला माती हाताशी ठेवायची. द्रास-कारगिलच्या थंडीत डिझेल गोठे, तेव्हा पहाटे टाकीखाली विस्तव किंवा स्टोव्ह पेटवून ते वितळवण्याचा धोका चालक पिढ्यान् पिढ्या पत्करत आले. २०१९ साली उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे खास हिवाळी डिझेल लडाखात मिळू लागले. इतक्या साध्या वस्तूला इतकी वर्षे लागावीत, याची खंत वाटते. कारण त्या पहाटेच्या विस्तवाशेजारी बसलेल्या माणसांमुळेच पलीकडच्या गावांत धान्य पोचत होते.

या इतिहासाचे शेवटचे वळण आइसलंडमध्ये आहे, आणि तेथून ते गोव्यापर्यंत येते. आइसलंडच्या लोकांनी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात बाजारातल्या साध्या गाड्यांना मोठाले, मऊ टायर बसवले आणि हिमनद्यांवर गेल्यावर त्यांतील हवा जवळजवळ सगळी सोडून द्यायला सुरुवात केली. हिशेब कागदावर करून पाहावा. ६,००० पौंडांची गाडी चार चाकांवर उभी असली, तर प्रत्येक चाकावर १,५०० पौंड येतात. टायरात दर चौरस इंचाला ३० पौंड दाब असला, तर तो भार पेलायला टायर सुमारे ५० चौरस इंच जमिनीवर टेकतो. दाब ३ पौंडांवर आणला, तर त्याला ५०० चौरस इंच टेकावे लागते. दीडशे पौंडांचा माणूस चालताना एका पावलावर येतो, तेव्हा त्याच्या तळव्याखाली साधारण पाच पौंडांचा दाब असतो. म्हणजे दोन-तीन टनांचे वाहन माणसाच्या पावलापेक्षाही हलके हिमावर टेकू शकते. मोठ्या यंत्राने जे साधले नाही, ते झडप उघडून हवा सोडल्याने साधते.

अर्थात हवा सोडायची तर त्या आधी पुष्कळ तयारी करावी लागते. सैल टायर लोखंडी कड्यावरून निसटू नये म्हणून त्याची कड जखडून टाकावी लागते. उंच चाकांना जागा मिळावी म्हणून गाडीचा सांगाडा उचलावा लागतो आणि चाकांवरची पत्र्याची कमान कापून रुंद करावी लागते. चाक मोठे झाले की यंत्राला ते फिरवणे जड जाते, म्हणून दंतचक्रांचे प्रमाण बदलावे लागते. वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी जी योजना प्रत्येक गाडीत असते, ती हिमात घातक ठरते, कारण जे चाक सैल फिरते त्याच्याकडेच सारी शक्ती वाहून जाते. म्हणून दोन्ही चाके एकत्र जखडण्याची कळ बसवावी लागते. कठीण जमिनीवर पुन्हा हवा भरायला पंप, इंधन तापवण्याची सोय, लवचीक दोर, फावडी, फळ्या, आणि भेगांच्या प्रदेशात एकमेकींपासून अंतर राखून चालणाऱ्या किमान दोन गाड्या, असा हा जाबता आहे.

२०१० च्या नोव्हेंबरात भारताची आठ जणांची तुकडी ध्रुवखंडावरील आपल्या ‘मैत्री’ ठाण्यावरून दक्षिण ध्रुवाकडे निघाली. तिचे नेते रसिक रवींद्र हे गोव्यात वास्को येथे असलेल्या राष्ट्रीय ध्रुवीय संशोधन संस्थेचे तेव्हाचे संचालक. त्यांच्या गाड्या होत्या आर्क्टिक ट्रक्स या आइसलंडी संस्थेने तयार केलेल्या टोयोटा हायलक्स, म्हणजे आपल्याकडेही ज्या जातीच्या गाड्या दिसतात तसल्याच, फक्त हिमासाठी सजवलेल्या. १३ नोव्हेंबरला निघून २२ नोव्हेंबरला ते ध्रुवावर पोचले; सरळ रेषेतही हे अंतर दोन हजार किलोमीटरांहून अधिक आहे. ज्या खंडावर शॅकल्टनची चाके रुतली, त्याच खंडावर शंभराहून अधिक वर्षांनी चाकेच ध्रुवापर्यंत गेली. मधल्या शतकात चाक बदलले नाही. चाकाकडून काय मागावे, हे माणसाला कळले.

कर्ण रथाखाली उतरला, पण चाक रुतल्यानंतर उतरला, आणि त्या वेळी त्याच्यासमोर धनुष्य सज्ज होते. लाडोगावर याकुबोव्स्कीची माणसे गाडी येण्यापूर्वी उतरली होती. झोजीलाच्या पायथ्याशी, हिमाची पहिली रेषा दिसायच्या आधी, एखादा चालक गाडी थांबवतो, हातमोजे काढून हिमासारख्या गार साखळीच्या कड्या उघड्या बोटांनी एकेक करून अडकवतो, आणि ते काम संपेपर्यंत चाकापुढे गुडघे टेकून असतो. मागे खोळंबलेल्या गाड्यांतील प्रवाशांना तो वेळ वाया गेलेला वाटतो. पण वाट ओलांडण्याचे निम्मे काम त्या गुडघ्यांवर झालेले असते, आणि उरलेले निम्मे करायला तो उठून गाडीत चढतो.